अट एका पानाची

"हीच का तिसावी?" कोरियातल्या एका कॉलेजच्या पर्यटन विभागाचे प्रमुख नामगुंग यांनी खुर्चीतून न उठता विचारलं.

"हो सर. नोमिन, मंगोलियाची," सहायक बोरा म्हणाली. "सशर्त प्रवेश आहे. तुमच्यासमोर पानभर कोरियन लिहून दाखवलं आणि ते पान राजधानीतल्या प्रवेश समितीला पाठवलं, की पक्का."

पाच वाजेपर्यंत तीस परदेशी विद्यार्थी झाले नाहीत, तर विभागाला टाळं लागणार होतं. साडेचार झाले होते. आपली खुर्ची असल्या पोरीच्या हातात असावी, याचाच नामगुंग यांना जास्त संताप आला होता.

"कोरियन कळतं का गं?"

"थोडं थोडं," नोमिन खालमानेने म्हणाली.

"थोडं थोडं! बस तिथे. काहीही खरड, पण पान भर."

तिने लिहायला घेतलं. नामगुंग यांनी कागदी पेल्यात कॉफीचं लांबट पाकीट फोडलं आणि ते त्याच पाकिटाने ढवळत बसले.

"मेंढ्या वळायच्या सोडून इकडे कशाला कडमडतात, कुणास ठाऊक."

"हळू, सर. ऐकेल ती."

"ऐकून कळायला डोकं लागतं. हिला नाही जमलं तर तू लिही. आधीच्या अकरा जणांची पानं तूच लिहिलीस ना?"

"तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"मग? समितीला पत्ता लागला? राजधानीतली शहाणी माणसं! आपल्याला फी मिळाल्याशी कारण. पुढे ही पोरं नापास होईनात का, नाहीतर भांडी घासेनात का."

बोरा फिस्सकन हसली. ते दोघं गप्प झाले की नोमिनचं पेनही थांबायचं. बिचारीला शब्द आठवत नसणार, असं बोराला वाटलं.

पावणेपाचला नोमिनने कागद पुढे केला. नामगुंग यांनी वरवर नजर टाकली. अक्षर टापटीप होतं. वीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याचं एक पान धड वाचलं नव्हतं, ते आज कशाला वाचतील? 'माझ्यासमोर लिहिले, पूर्ण वाचून खात्री केली' असं खाली लिहून त्यांनी शिक्का हाणला. बोराने कागद स्कॅन करून समितीला पाठवला. मिनिटभरात पोच आली.

"तीस!" नामगुंग यांनी टेबलावर थाप मारली. "जा आता."

नोमिन कमरेत वाकून नमस्कार करून गेली.

"बघू तरी, काय दिवे लावलेत," म्हणत त्यांनी कागद ओढला आणि बोराला हसवायला मोठ्याने वाचू लागले.

"आदरणीय समिती, मी इथे लिहीत बसले आहे आणि प्राध्यापक नामगुंग व त्यांच्या सहायक बोलत आहेत. दोघांचं बोलणं मी जसंच्या तसं खाली उतरवून घेते."