एखादं तरी गळू

“डावा पाय द्या आता,” सत्यवती म्हणाली आणि पद्माकररावांचा पाय ओढून तिनं आपल्या मांडीवर घेतलासुद्धा.

सकाळचे आठ वाजले होते. कानडी मुलखातल्या यशवंतपूरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, दार आतून लावून, ती नवऱ्याचं अंग तपासत होती. पाठ झाली, काखा झाल्या, केसांत बोटं घालून डोकं झालं. आता पायाच्या बोटांच्या बेचक्या. तिला एखादं गळू हवं होतं. गळू नाही तर फोड, पिकलेलं नख, काहीही चाललं असतं.

गुरुवारी डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद पुढ्यात ठेवून सगळं समजावलं होतं. जिभेवरची गाठ कॅन्सरची, ती कापून काढायची, हे ठरलेलंच होतं. पण रक्तातला ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, वीसच्या आत हवा, तो निघाला अठ्ठ्याण्णव. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या. अंगात कुठेतरी दाह चालू आहे, डॉक्टर म्हणाले. त्याला दुसरं कारण सापडलं, एखादी पिकलेली जखम वगैरे, तर फार घाबरायला नको. नाहीच सापडलं तर तो गाठीचाच. आणि अशा पेशंटांचं ऑपरेशननंतरही फारसं बरं चालत नाही, असा त्यांचा अनुभव होता. दात, छाती, लघवी, सगळं बघून झालं होतं. घरी नीट बघा, आठवा आणि सोमवारी अकराला या, एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

आज सोमवार. 

तिनं टाच दाबून पाहिली, घोटा पाहिला, तळव्यावरून अंगठा फिरवला. कुठे खरचटल्याची खूणसुद्धा नाही. नवऱ्याच्या या नितळ कातडीचं तिनं बत्तीस वर्षं चारचौघांत कौतुक केलं होतं. आज त्याच कातडीचा तिला भयंकर राग आला.

“रोज अनवाणी देवळात जाता,” ती म्हणाली. “एक काटा रुतू नये तुमच्या पायात?”

पद्माकरराव हसायला गेले, पण जीभ ठणकली तसे थांबले. जड जड शब्दांत म्हणाले, स्वल्प कॉफी तरी दे, मग काय ते शोध. गुरुवारपासून त्यांचं हे असंच. होईल ते होईल म्हणायचे आणि पेपर उघडून बसायचे. माणसाचं काळीज दगडाचं आहे की काय, असं तिच्या मनात दहादा येऊन गेलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. कॉफीची पूड निम्मी ओट्यावरच सांडली. दूध उतू गेलं, तेही तिनं पुसलं नाही. कॉफी घेऊन बाहेर आली तर खुर्ची रिकामी. बाथरूमचं दार बंद. तिनं दोनदा हाक मारली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. पद्माकरराव भिंतीला धरून, एका पायावर लंगडत बाहेर आले. खुर्चीत बसून त्यांनी डावी टाच तिच्यापुढे केली. टाचेवर बोटभर लांब जखम होती. कडांना खिडकीतल्या कुंडीची माती चोळलेली.

“जुनीच आहे,” ते म्हणाले. “तुझ्या नजरेतून सुटली.”

मघाशी हीच टाच तिच्या मांडीवर होती. मागे बाथरूमच्या ओल्या फरशीवर दाढीचं ब्लेड पडलेलं तिला सरळ दिसत होतं. आता चांगलं फैलावर घ्यावं म्हणून तिनं मान वर केली. पद्माकररावांची हनुवटी लटलटत होती. डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते, ती काय म्हणते म्हणून.

म्हणजे हेही घाबरलेत. चार दिवस एका घरात, एकमेकांना चुकवून, दोघंही मरणाचे घाबरलेले. सत्यवतीला भडभडून आलं.

तिनं धुतलेलं फडकं आणलं, खाली बसून टाचेवर दाबून धरलं.

“किती दिवस झाले, विचारतील डॉक्टर,” ती म्हणाली.

“आठ?”

“आठ नकोत. रक्त दिलं त्याच्या आधीची हवी.” तिनं मनाशी हिशेब केला. “पंधरा सांगते.”

“सरी,” पद्माकररावांनी कानडीत होकार दिला.

फडकं भिजून गेलं होतं. तिनं दुसरं घेतलं.