चार कोरड्या पायऱ्या

साहेब, पाणी दाराशी आलं की घर सोडायचं असतं, हे माझ्या आईला तुम्ही शिकवलंत. धरण भरलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी तिच्या पोटात होतो.

यंदा तिला टूरबरोबर चीनला नेलं. शांघायजवळ कालव्यांवर वसलेलं एक जुनं गाव होडीतून बघत होतो. घराघरातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. सगळे फोटो काढत होते आणि आई होडीची कड घट्ट धरून बसली होती.

"यांना नोटीस कधी आली?" तिनं आमच्या मराठी गाईडला विचारलं.

"कसली नोटीस, काकू?"

"गाव उठवायची. माणसं कुठं नेऊन टाकली यांची?"

सगळी होडी हसली. "अहो काकू, हे बुडालेलं नाही," गाईड म्हणाला. "शेकडो वर्षं असंच आहे. लोक राहतात इथे."

तेवढ्यात आईच्याच वयाची एक बाई दारातून आली आणि पायरीवर बसून भाजी धुऊ लागली. आईनं पाण्याच्या वरच्या पायऱ्या बोटानं मोजल्या.

"चार," ती मला म्हणाली. "आपल्याही चारच कोरड्या राहिल्या होत्या रे."

आमच्या त्या चार पायऱ्या आजही कोरड्या आहेत, साहेब. पाणी कधी वर चढलंच नाही. त्याच पायऱ्यांवर, आमच्या घराच्या जागी, आता तुमच्या पाटबंधारे खात्याचं विश्रामगृह आहे.

होडी काठाला लागली तरी आई उठेना. तिला काय सांगू? आमचं घर कशासाठी पाडलंत? बोला.