मळणारी आणि राखणारा

कणीक मळताना द्वारकाबाईंचे कान मंडपाकडेच होते. नवरा वामनराव देवळाचे मुख्य विश्वस्त, त्यामुळे उत्सवाच्या प्रसादाचा स्वयंपाक कायम त्यांच्याच गळ्यात. लग्न होऊन या गावात आल्यापासून एकही कीर्तन त्यांना समोर बसून ऐकता आलं नव्हतं.

आज कीर्तनाला उभ्या होत्या मृणालताई. पूर्वी त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. अन्नाची महती गाता गाता त्यांनी विचारलं, "लेडी म्हणजे कोण हो?"

"बाईसाहेब," कुणीतरी म्हणालं.

"हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता, पावाचं पीठ मळणारी. आणि लॉर्ड म्हणजे तो पाव राखणारा. तिनं मळलंच नाही, तर हा बापडा राखणार काय?"

झांज वाजली, पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे वामनराव हार घेऊन पुढे आले, तशी ताईंनी मान मागे घेतली. "आजचा हार मळणारीला घाला."

वामनराव नुसतेच खाकरले, पण टाळ्या थांबेनात. शेवटी ते मंडपालगतच्या स्वयंपाकाच्या पडवीत आले.

"अहो, माझे हात पिठाचे आहेत," द्वारकाबाई पुटपुटल्या.

"मान मोकळी आहे ना?" म्हणत त्यांनी हार घातला. सगळा मंडप हसला.

द्वारकाबाईंनी उरलेली कणीक जावेकडे सोपवली, हात धुतले आणि पोळ्यांच्या टोपलीशेजारी पाट मांडला.

"बसा इथे. मांजर फार येतं. उत्तररंग मी पुढे बसून ऐकणार आहे."