दाराखालची लांबी

माझ्या वर्गातली स्टेला शाळेच्या गॅदरिंगला, वडील विकत घेणार होते त्या विंटेज गाडीतून येणार होती, आणि मी पप्पांच्या स्कूटरवरून! नुसती जळत होते मी. पप्पा गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून नीट करणारे डेंटर, म्हणून सौद्याआधी गाडी तपासायला तिच्या वडिलांनी आम्हालाही नेवाशाला नेलं. "तुलाही मागं बसवीन हं," स्टेला म्हणाली. पप्पांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक माझ्या हातात दिलं. चकाचक दारांवर ते घट्ट चिकटलं, पण खालच्या पट्टीवर लावलं तर घसरून पडलं. म्हणजे गंजलेला पत्रा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून लपवला होता. "पप्पा, इथं सगळी लांबीच हाय!" मी हसत नाचतच ओरडले. पप्पांनी नखानं खरवडलं, तर तांबूस भुगा गळाला. सौदा मोडला. स्टेला रडवेली झाली. तिचे वडील म्हणाले, "मिस्त्री, लई प्रामाणिक पोरगी हाय तुमची!" परतताना पप्पा हळूच म्हणाले, "खरं बोललीस, पण हसत कशाला होतीस?"