पत्ता सांगायचा नाही

नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांसाठी आम्ही मदत केंद्र चालवतो. अख्खी गल्ली त्याला जीव लावते. शिंपीदादा तर या बायकांचे कपडे फुकट शिवतात. "बाबांनो, इथला पत्ता तेवढा कुणाला सांगू नका," हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. शिंपीदादा म्हणाले, "ताई, मान कापली तरी सांगणार नाही!"

आज सकाळी पोथी वाचून केंद्रात आले, तोच दार धडाधडा वाजलं. नवऱ्याचा आवाज ओळखून कालच आलेली मुलगी टेबलाखाली शिरली. मी खिडकीतून पाहिलं, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून शिंपीदादा उभे.



"ताई, पत्ता नाही हं सांगितला! बायको हरवली म्हणून बिचारा रडत होता, मीच सोबत घेऊन आलो."