कोरी नळी

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी काचेची नळी उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “यात काहीच उगवलं नाही. जंतू पेरायला विसरलीस की काय?” शेजारच्या नळीत नुसतं औषध होतं. तरी क्षयाचे जंतू माजले होते. ते माझ्या आत्याच्या थुंकीतले. आत्या गेली, ते प्रयोगशाळेत उरले. जंतूंचं एक प्रथिन आत शिरलेलं औषध पंपासारखं बाहेर उपसतं, असं तिला समजावलं, तेव्हा खोकतच ती खेकसली होती, “मग बंद पाड ना मेल्यांचा पंप!” या कोऱ्या नळीत औषधाच्या जोडीला पंप अडवणारं माझं रसायन होतं. मी नळी खरवडली, मेलेले जंतूच लाल दिसतील अशा रंगाने काचपट्टी रंगवली, मायक्रोस्कोपखाली सरकवली. बाई वाकल्या. “अगं, लाल जंतूंचा खच पडलाय! पेरले होतेस, आणि सगळे मेलेत!” मी ओरडले, “आत्या, पाडला गं बंद!”