एकशे ऐंशी हर्ट्झ

रविवारी गेमिंगच्या टीमची निवड होती आणि सोमेश महिनाभर एकाच प्रश्नावर अडून बसला होता, नवा मॉनिटर घ्यायचा की नाही. जुन्यावर खेळताना शत्रू दिसेपर्यंत गोळी लागलेली असायची.

"अप्पा, हा डबा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. नवा एकशे ऐंशी दाखवतो. सगळा दोष ह्याचाच हाय."

वॉचमनची ड्यूटी संपवून आलेले त्याचे वडील धोंडप्पा सुजलेल्या पायांनी त्याच्या मागं उभे राहिले.

"डाव्या खिडकीत एकजण हाय बघ."

सोमेशला तो दिसला तेव्हा सोमेशचाच मुडदा पडला होता. पुढच्या डावात अप्पा म्हणाले, "टाकीमागं." मग म्हणाले, "जिन्यावर." तिन्ही वेळा त्यांनाच आधी दिसलं, त्याच डब्यावर, चष्म्याशिवाय.

"तुमाला दिसतंय कसं?"

"अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर काढली की. चादरीच्या हजारो धाग्यांत एक तुटला तरी लगेच माग बंद करायचा, न्हायतर मालक आईवरनं शिव्या घालायचा. नजर बसली."

"एवढी नजर हाय, मग गेटवर दांडकं घेऊन कशाला बसताय?"

अप्पा खाटेवर आडवे झाले.

"मालकानं नवे माग आणले. धागा तुटला की आपलं आपण थांबणारे." त्यांनी डोळे मिटले. "घे बाबा तू. नवं चांगलंच असतंय."